सोळा वर्षांचा मुलगा पिऊन घरी आला : ती रात्र, दुसरा दिवस आणि पुढचे काही महिने

विचारलेलं थोडक्यात असं. मुलगा अकरावीत, वय १६, वजन ५५ किलो. मित्राच्या वाढदिवसाला गेला, रात्री अकराला झोकांड्या खात परतला, दोनदा उलटी झाली, सकाळी म्हणाला, ‘काही आठवत नाही.’ वडील म्हणतात, आता माझ्यासमोर घरीच घेऊ दे, म्हणजे लिमिट कळेल. काका म्हणतात, जेवणात मिसळायची पावडर मिळते. आजीला वाटतं, देवासमोर शपथ घ्यायला लावा. आणि आईचा प्रश्न : व्यसन लागलं का?

एका रात्रीवरून व्यसनाचं निदान होत नाही. आई-वडिलांना सगळ्यात जास्त भीती व्यसनाची वाटते, पण या वयात खरा घात बहुतेक वेळा त्या एका रात्रीतच होतो. किती प्यायला, किती वेगानं, आणि घरी कसा आला, या तीन गोष्टींत तो घात दडलेला असतो. व्यसन लागायला महिने-वर्षं जातात आणि तेवढ्या काळात करण्यासारखं बरंच असतं. म्हणून आधी मात्रेबद्दल बोलू.

मुलं ‘फक्त बिअरच घेतली’ असं सांगतात आणि घरच्यांना हायसं वाटतं. हिशेब करून बघा. ६५० मिलीची बाटली, त्यात ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा असतो, त्यात सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली चार पेगांच्या बरोबरीची झाली. क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, ६१ ग्रॅम. गोड, रंगीत, सरबतासारखी लागणारी २७५ मिलीची बाटलीसुद्धा साधारण एका पेगाइतकी असते, आणि चव गोड असल्यामुळे ती तीन-चार सहज पोटात जातात. तिघांनी एक हाफ, म्हणजे ३७५ मिली, वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला ४२ ग्रॅम येतात. अर्थात वाटणी सारखी कधीच होत नाही. एखादा दोन घोट घेऊन बाजूला होतो आणि त्याचा वाटा दुसराच संपवतो.

आता हे रक्तात किती होतं ते बघू. विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाचं जुनं सूत्र आहे : अल्कोहोलचे ग्रॅम भागिले, वजन आणि एक गुणांक यांचा गुणाकार. मुलांसाठी तो सुमारे ०.६८, मुलींसाठी ०.५५. रिकाम्या पोटी भराभर प्यायलं असं धरलं, तर ५५ किलोच्या मुलानं एका क्वार्टरमध्ये रक्तातलं प्रमाण १०० मिलीला १६० मिलिग्रॅमच्या आसपास नेलं. ४५ किलोच्या मुलीत तीच क्वार्टर २४५ पर्यंत पोचते. वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० आहे, हे डोक्यात ठेवा. पैजेवर एकट्यानं हाफ संपवणाऱ्या ५५ किलोच्या पोराचा आकडा ३४० च्या घरात जातो. ही पातळी बेशुद्धीची आणि श्वास मंदावण्याची आहे. सराव नसलेल्या शरीरात त्याहून कमीलाही तसं होऊ शकतं. हे आकडे ढोबळ आहेत. जेवण, वेग, तब्येत यांनी ते खालीवर होतात, पण अंदाज बांधायला पुरेसे आहेत.

दारू चढते पटकन, उतरते मात्र ठरलेल्या चालीनं : ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. लिंबूपाणी, काळी कॉफी, ताक, थंड पाण्याची अंघोळ, गच्चीवर फेऱ्या, यांतल्या कशानंही ही चाल वाढत नाही. कॉफीनं माणूस जागा राहतो, शुद्धीवर येत नाही. क्वार्टर रिचवलेल्या आपल्या ५५ किलोच्या मुलाला ३० च्या खाली यायला नऊ तास लागतील. रात्री अकराला प्यायलेला पोरगा सकाळी सातला क्लासला स्कूटर काढतो तेव्हा दारू पुरती उतरलेली नसते. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून प्यायली तर आणखी एक फसगत होते. कॅफिनमुळे झोप येत नाही, ‘मला चढतच नाहीये’ असं वाटतं, आणि शरीर थांबायचा जो इशारा देतं तो दाबला जातो.

त्या रात्री काय करायला हवं होतं, किंवा पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं, ते आता नीट वाचा. शक्य असेल तर मुलालाही वाचायला द्या, कारण मित्राजवळ तो असेल, तुम्ही नसाल.

शेवटचा घोट घेतल्यानंतर अर्धा ते दीड तास रक्तातलं प्रमाण वाढतच राहू शकतं. म्हणून घरी आल्यावर ‘बडबड करतोय म्हणजे ठीक आहे, झोपू दे’ हा निर्णय सगळ्यात घातक. बडबडणारा मुलगा चाळीस मिनिटांनी हलवूनही न उठणारा होऊ शकतो. त्याला एकट्याला खोलीत झोपवू नका. कुशीवर झोपवा : वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे टेकवलेला, वरच्या हाताचा तळवा गालाखाली, हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे झुकलेलं. पाठीमागे लोड किंवा भरलेली सॅक लावा म्हणजे उताणा होणार नाही. दारूनं घशाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते आणि तो खोकतही नाही. या वयातले मृत्यू होण्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे.

मग कोणीतरी जागं राहायचं. दर दहा-पंधरा मिनिटांनी नाव घेऊन हलवा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठा खंड, ओठ किंवा नखं निळसर-राखाडी, अंग गार आणि चिकट, झटके, झोपेतच उलटी, किंवा खांद्याला जोरात चिमटा घेऊनही डोळे न उघडणं : यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. सगळी लक्षणं जुळायची वाट बघू नका. डोकं आपटलं असेल तर वेगळी सावधगिरी हवी. डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, कानातून किंवा नाकातून पाणी-रक्त येणं, थोडा शुद्धीवर येऊन पुन्हा गुंगीत जाणं, याला ‘दारूचा अंमल’ म्हणून सोडून देऊ नका, ते मेंदूतल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं.

साखरेकडे लक्ष द्यायचं घरात कुणाच्याच डोक्यात येत नाही. यकृत दारू हाताळण्यात गुंतलं की नवी साखर तयार करायचं काम मागे पडतं. सडपातळ, दिवसभर नीट न जेवलेल्या मुलात रक्तातली साखर धोकादायक पातळीवर घसरू शकते. हातपाय गार, घाम, गुंगी, झटके : वरून सगळं दारूसारखंच दिसतं. आजी-आजोबांचं ग्लुकोमीटर घरात असेल तर बोट टोचून बघा. आकडा ७० च्या खाली असेल आणि मुलगा पूर्ण जागा असून नीट गिळत असेल तर साखरपाणी किंवा गूळ द्या. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. मुलाला टाइप १ मधुमेह असेल तर हा धोका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकतो, त्यामुळे रात्रीतून दोन-तीनदा तपासावं लागतं.

बोटं घालून उलटी करवू नका. डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन त्या रात्री नको : पहिलं यकृताला, दुसरं जठराच्या अस्तराला जड. दारूवर झोपेची गोळी किंवा कोडीनचं कफ सिरप घेतलं तर श्वास आणखी दबतो. म्हणून ‘किती प्यायलास’ यासोबत ‘आणखी काय घेतलंस’ हेही विचारा, आणि मित्राला फोन करून खात्री करा. ‘ओरडणार नाही, फक्त खरं सांग’ असं म्हटलं की मित्र सांगतात.

दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल, या धाकानं बरेच जण तास-दोन तास घालवतात. रुग्णालय मेडिको-लीगल नोंद करू शकतं, पण ती नोंद म्हणजे मुलावर दाखल झालेला गुन्हा नव्हे, आणि तातडीचे उपचार त्यासाठी अडवून ठेवता येत नाहीत.

हातभट्टीची किंवा सुटी, बिनलेबलची दारू असेल तर आणखी एक दिवस नजर ठेवा. मिथेनॉलचं विष लगेच कळत नाही. साधारण १२ ते २४ तासांनी डोळ्यांपुढे धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं, पोटात कळ, धाप लागणं सुरू होतं. साधा हँगओव्हर दुपारपर्यंत कमी होत जातो, हा वाढत जातो. ओळखायची खूण हीच. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं अशाच दारूनं गेली. वेळेत पोचलं तर यावर उतारा आहे, डायलिसिस आहे. दृष्टी मात्र एकदा गेली की परत येण्याची खात्री नसते.

आता ‘काही आठवत नाही’ याबद्दल. बहुतेक घरांत याला थाप समजून दोन थोबाडीत बसतात. दारूचं प्रमाण वेगानं वाढलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणी नोंदवणं बंद करतो. मुलगा त्या वेळात चालतो, बोलतो, नाचतो, गाडीही चालवतो, पण मागे नोंद राहत नाही. त्यामुळे तो खरंच बोलत असण्याची शक्यता दाट आहे. मात्र यातून एक गोष्ट कळते : मात्रा मोठी होती आणि झटपट गेली होती. ‘दोनच घोट घेतले’ हे मग टिकत नाही.

पौगंडातला मेंदू दारूला दोन बाजूंनी उघडा असतो. आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, तर मौज आणि मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा आधीच जोरात सुरू झालेली असते. दुसरं असं, की प्रयोगशाळेतल्या कोवळ्या उंदरांना प्रौढ उंदरांपेक्षा दारूची गुंगी कमी येते, आणि माणसाच्या पोरांतही तसंच काहीसं होत असावं असं दिसतं. मोठा माणूस तिसऱ्या पेगला पेंगतो, पोरगं नाचत असतं आणि चौथा भरतं. ‘माझी कपॅसिटी आहे’ ही या वयातली फुशारकी, पण शरीराचा ब्रेक उशिरा लागण्यालाच ते कपॅसिटी म्हणतात.

सुरुवात किती लवकर झाली, याला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांत पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण विशी-एकविशीत सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलं. यातला सगळा वाटा दारूचा नाही. घरातलं व्यसन, आनुवंशिकता, विस्कळीत बालपण असलेली मुलंच लवकर सुरुवात करतात, हेही त्यात मिसळलेलं आहे. तरी सुरुवात जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलावी, यावर दुमत नाही. भारतात ‘एम्स’नं केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयोगटात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ३० लाख मुलं. तेव्हा ‘हल्ली सगळेच पितात’ असं मुलगा म्हणाला तर ते खरं नाही. त्याच्या टोळक्यातले पितात, एवढंच.

वडिलांचा ‘घरी शिकवतो’ हा उपाय मनापासूनचा आहे, आणि चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० किशोरवयीन मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आई-वडिलांनी दारू दिलेल्या मुलांत पुढे एका बैठकीत जास्त पिणं आणि त्यातून इजा होणं कमी झालं नाही, उलट वाढलेलं दिसलं. घरून मिळाली म्हणून बाहेरची बंद झाली नाही, घरची आणि बाहेरची अशी दोन्हीकडून मिळू लागली. कारण समजण्यासारखं आहे. घरात मुलगा प्रमाण शिकत नाही, परवानगी शिकतो. शिवाय कायद्याचा मुद्दा आहे. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘जा रे, कोपऱ्यावरून माझी क्वार्टर घेऊन ये’ हा प्रकारही याच कायद्याच्या पुढच्या कलमाच्या तोंडाशी जातो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी किमान वय २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे. गोव्यात ते १८ आहे, आणि बारावीनंतरच्या गोवा सहलीचा आग्रह कुठून येतो हे वेगळं सांगायला नको.

काकांच्या पावडरीबद्दल मात्र मी ठाम नकार देईन. अशा पुड्यांत काय आहे हे लेबलवर बहुधा नसतं, आणि गुपचूप मिसळायच्या औषधांत डायसल्फिराम असण्याची शक्यता धरूनच चालावं. डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठतं : चेहरा लालभडक, छातीत धडधड, जोराच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, क्वचित मृत्यू. माहीत असलेला, संमती दिलेला प्रौढ रुग्ण या भीतीनं दारू टाळतो, तोच या औषधाचा उपयोग. ज्याला माहीतच नाही तो टाळणार कसा? आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. अल्कोहोल असलेलं कफ सिरपसुद्धा मग त्रास देऊ शकतं. सोळा वर्षांच्या, एकदा प्यायलेल्या मुलाला हे देणं म्हणजे उपचार नव्हे.

शपथेचं नुकसान कमी, पण उपयोगही कमी. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यांचा मान राखूनच सांगायला हवं : त्यांनी माळ स्वतःहून घातली, आणि माळेबरोबर दिंडी, भजन, नवी माणसं मिळाली. आईच्या डोक्यावर हात ठेवून जबरदस्तीनं घेतलेल्या शपथेत यातलं काही नसतं. शपथ मोडली की मुलगा दारूपेक्षा शपथ मोडल्याचं लपवत बसतो, आणि पुढच्या वेळी अडचणीत सापडला तर फोन करत नाही.

मुलाशी बोलायचं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्या रात्री नाही, कारण ते त्याच्या लक्षातच राहणार नाही. आई-वडील दोघं, बाकी कुणी नाही, वीस मिनिटं पुरे. सुरुवात प्रश्नांनी करा, आणि प्रश्न तपशिलाचे असू द्या. काय प्यायलास? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? कोरी की पाणी घालून? आधी जेवला होतास का? बाटल्या कुणी आणल्या? घरी कुणाच्या गाडीवर आलास? ‘का प्यायलास?’ हा प्रश्न शेवटी, कारण त्याचं उत्तर सुरुवातीला ‘असंच’ याच्या पुढे जात नाही. ‘नाक कापलंस’, ‘तुझ्या मामावर गेलास’ ही वाक्यं आली की माहिती मिळणं बंद. वडील स्वतः घेत असतील तर मुलगा ते काढणारच. ‘मी घेतो हे खरं आहे, आणि तुला नाही म्हणतो हेही खरं आहे’ एवढं सरळ उत्तर द्या. त्याहून बरं म्हणजे घरातला साठा काही वर्षं घराबाहेर ठेवा. कुलूप लावलेलं कपाट पोरं उघडतात, आणि कमी झालेली पातळी पाण्यानं भरून ठेवतात.

परिणाम ठोस आणि मुदतीचा ठेवा : महिनाभर गाडीची चावी नाही, महिनाभर रात्री नऊच्या आत घरी, रात्रमुक्काम बंद. खेळ, व्यायाम, गाण्याचा क्लास बंद करू नका. मोकळा, रिकामा वेळ वाढला की त्याचं पिणं वाढतं. या बाबतीत आइसलँडचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात एकदा तरी झिंगली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. भाषणांनी नाही. रात्री घराबाहेर राहण्याच्या वेळेवर बंधन, खेळ आणि कलांसाठी सरकारी पैसा, आणि एका शाळेतल्या पालकांनी मिळून पाळलेले सारखे नियम, यांनी. आपल्याकडे सरकार काय करेल ते करेल, पण एकाच वर्गातल्या पाच घरांनी ‘रात्री दहानंतर कुणाच्याच फ्लॅटवर पार्टी नाही’ हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. एका घराचा नियम जुलमी वाटतो, पाच घरांचा नियम रीत वाटतो.

याच बैठकीत सुटकेचा मार्गही ठरवा. गटारी, ३१ डिसेंबर, विसर्जनाची मिरवणूक, भावकीतल्या लग्नाची हळद : या रात्री आधीपासून माहीत असतात. मुलानं ठरलेला एक साधा मेसेज टाकायचा, उदाहरणार्थ ‘आजीच्या गोळ्या आणू का?’, आणि तुम्ही फोन करून सगळ्यांदेखत ‘ताबडतोब घरी ये’ म्हणून झापायचं. मित्रांसमोर त्याची लाज राहते. कुठूनही, कितीही वाजता घ्यायला जायचं आणि त्या रात्री एक प्रश्न विचारायचा नाही. हिशेब दुसऱ्या दिवशी.

गाडीबद्दल कुठलीही तडजोड नको. १८ च्या आत फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो, म्हणजे घरातली ११० सीसीची स्कूटर त्याला न पितासुद्धा चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्यानंतर जामिनाची अट म्हणून त्याला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची चर्चा खूप झाली. त्याआधी त्या मुलाला पबमध्ये दारू कशी मिळाली, ही चर्चा मात्र लवकर थंडावली. प्यायलेल्या मित्राच्या मागे बसणं हाही तेवढाच धोका, हे मुलाला वेगळं सांगा. मागे बसणं म्हणजे आपण सेफ, असं त्यांना खरोखर वाटतं.

मुलींच्या बाबतीत वरचं सगळं लागू आहेच, आणि कमी मात्रेला जास्त चढते हे आकड्यांत आलंच. जोडीला, शुद्ध नसताना तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पिण्याबद्दलची चर्चा बाजूला ठेवा. अंघोळ करण्याआधी, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत रुग्णालयात न्या. गर्भधारणा आणि एचआयव्ही रोखणारी औषधं याच मुदतीत द्यावी लागतात. १८ च्या आत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि उपचार मोफत मिळायला हवेत.

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे. काळजी कधी वाढवायची? किशोरवयीन मुलांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची सहा प्रश्नांची चाळणी जगभर वापरतात. प्यायलेल्याच्या गाडीवर बसलास का किंवा स्वतः चालवलीस का? हलकं वाटावं, चारचौघांत मिसळता यावं म्हणून पितोस का? एकटा असताना पितोस का? प्यायल्यावर काय केलं ते विसरतोस का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? पिण्यामुळे कधी अडचणीत सापडलास का? दोन किंवा अधिक ‘हो’ आले तर तज्ज्ञाकडे न्या. मला यातलं ‘एकटा असताना’ सगळ्यात जड वाटतं. टोळक्यात पिणारा पोरगा टोळकं बदललं की थांबू शकतो. दार लावून एकटा पिणारा बहुतेक वेळा कशावर तरी उतारा शोधत असतो : झोप न येणं, नीट-जेईईचं ओझं, तुटलेलं प्रेम, घरातली मारहाण, नैराश्य. अशा मुलाला ‘मरून जावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. पण दारूच्या अमलात क्षणिक विचार कृतीत उतरतो, म्हणून घरातली कीटकनाशकं आणि औषधांचा साठा कुलपात हवा.

तपासण्यांवर विसंबू नका. या वयात यकृताच्या चाचण्या बहुधा नॉर्मलच येतात, आणि तो नॉर्मल रिपोर्ट मुलगा प्रमाणपत्रासारखा फिरवतो. लघवीतली साधी दारू अर्ध्या दिवसात नाहीशी होते. घरी किट आणून मुलाला बाथरूमच्या दारात उभं करण्यानं पुरावा थोडा मिळतो, विश्वास मात्र पुरता जातो.

उपचार म्हणजे लगेच व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. एक-दोनदा प्यायलेल्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबरोबरच्या एक ते चार बैठका बऱ्याचदा पुरतात, त्यातल्या काही आई-वडिलांसह. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६, व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक मोफत आहेत. रोज पिणारा, सकाळी हात थरथरणारा मुलगा असेल तर मात्र घरच्या घरी अचानक बंद करवू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावं लागतं. भरती करायची वेळ आलीच तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ८७ माहीत असू द्या. अल्पवयीन मुलाची भरती अपवादात्मक परिस्थितीतच होते, आधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं, पालकानं किंवा नेमलेल्या व्यक्तीनं सोबत राहावं लागतं, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. ‘पोरगं आमच्याकडे सोडा, तीन महिने भेटायचं नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथून परत फिरा. चाळिशीतल्या मुरलेल्या पिणाऱ्यांमध्ये सोळा वर्षांचं पोर ठेवलं तर ते बाहेर येताना बरंच काही शिकून येतं.

शेवटी एक राहिलंच : वाढदिवस ज्याचा होता त्याच्या घरी सांगायचं का? सांगायचं, पण मुलाला आधी कळवून आणि फोनवर, व्हॉट्सॲपच्या पालक-ग्रुपवर नाही. ‘तुमच्या पोरानं माझ्याला बिघडवलं’ ही भाषा नको, कारण तिकडेही नेमकं तेच वाक्य तुमच्यासाठी तयार असतं. ‘काल सगळे प्यायले होते, माझ्याला उलट्या झाल्या, तुमचा सुखरूप आला ना, आणि बाटल्या कुठून आल्या ते दोघांनी मिळून बघूया’ एवढं पुरे. बाटल्या कुणा मोठ्या भावानं आणल्या असतील तर कलम ७७ त्यालाही लागू होतं, हे त्याच फोनवर, आवाज न चढवता सांगून टाका.